खेळाचा तास आणि गुणपत्रिका : पुरावा नेमका काय सांगतो?

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा किंवा पीटीचा तास छापलेला असतो. पण अडचण आली की सर्वांत आधी हात घातला जातो तो याच तासाला. अभ्यासक्रम मागे राहिला, सहामाही जवळ आली, शिष्यवृत्तीच्या मुलांना जादा सराव हवा झाला, की खेळाच्या तासाला गणिताचे पुस्तक उघडले जाते. याबद्दल पालक सहसा तक्रार करीत नाहीत. शाळा अभ्यासाकडे लक्ष देते, असे समाधानच बहुतेकांना वाटते. या व्यवहारामागे एक गृहीत आहे : खेळात गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो.

दुसरीकडे, क्रीडादिनाच्या भाषणांतून नेमके उलटे वाक्य ऐकू येते. 'खेळणारी मुले अभ्यासातही पुढे असतात' हे ते वाक्य. अलीकडे त्याला 'असे संशोधनाने सिद्ध झाले आहे' अशी पुस्तीही जोडली जाते. खेळाची बाजू घेणाऱ्या शिक्षकाला हे वाक्य फार सोयीचे वाटते, कारण मुख्याध्यापकांना आणि पालकांना समजेल अशा गुणांच्या भाषेत ते बोलते.

ही दोन्ही विधाने तपासता येण्याजोगी आहेत आणि गेल्या पन्नासेक वर्षांत ती तपासलीही गेली आहेत. या लेखात आम्ही त्यांपैकी काही अभ्यास चिकित्सकपणे वाचून पाहणार आहोत. आमचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. खेळामुळे गुण वाढतात, या विधानाला सांगितला जातो तेवढा भक्कम पुरावा नाही. मात्र खेळामुळे गुण घटतात, याला तर जवळजवळ पुरावाच नाही. शिक्षकाच्या कामाची गोष्ट या दुसऱ्या वाक्यात आहे, असे आम्हाला वाटते.

जिन्यासारखा आलेख

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००१ साली पाचवी, सातवी आणि नववीच्या विद्यार्थ्यांच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीचे निकाल त्याच मुलांच्या वाचन आणि गणिताच्या गुणांशी ताडून पाहिले. नुसत्या पाचवीचीच सुमारे साडेतीन लाख मुले त्यात होती. क्षमतेचे एकूण सहा निकष होते. जी मुले जास्त निकष पार करतात त्यांची गुणांची सरासरी जास्त, असा पायरीपायरीने चढत जाणारा आलेख निघाला. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. 'सिद्ध झाले आहे' म्हणणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा असाच एखादा आलेख असतो.

साडेतीन लाख हा आकडा मोठा आहे. मोठ्या आकड्यामुळे योगायोगाची शक्यता उरत नाही, हे खरे. पण दोन गोष्टी बरोबर वाढताना दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असे ठरत नाही. मग मुले शंभर असोत की लाखो. याचे उदाहरण आपल्या शाळेतच सापडेल. पहिली ते चौथीच्या सर्व मुलांची दप्तरे तोलावीत आणि प्रत्येकाला किती पाढे येतात ते नोंदवावे. ज्यांची दप्तरे जड त्यांना पाढे जास्त येतात, असेच दिसेल. म्हणून कोणी दप्तरात विटा घालणार नाही! मूल वरच्या इयत्तेत गेले की दप्तरही जड होते आणि पाढेही वाढतात. दोन्हींच्या मागे तिसरेच कारण आहे.

खेळ आणि गुण यांच्यामागे अशी तिसरी कारणे बरीच आहेत. ज्या घरात पुरेसे अन्न, पुरेशी झोप आणि वेळेवर औषधपाणी मिळते, तिथले मूल धावतेही आणि वाचतेही. ज्याला रक्तक्षय आहे किंवा जंतांचा त्रास आहे, ते मूल मैदानातही लवकर दमते आणि वर्गातही पेंगते. शाळेच्या संघापुरते बोलायचे, तर त्यात निवडच असते. रोज हजर असणारी, चुणचुणीत, सांगितलेले चटकन समजणारी मुले आपण संघात घेतो आणि मग संघातली मुले हुशार निघाली याचे आश्चर्य करतो.

कधीकधी कारण आणि परिणाम यांची चक्क अदलाबदल झालेली असते. अमेरिकेतल्याच टेक्सास राज्यात १९८४ साली एक कायदा झाला. विषयात नापास झालेल्या विद्यार्थ्याला काही आठवडे शाळेच्या संघातून खेळता येणार नाही, असा तो नियम होता. अशा ठिकाणी खेळाडूंचे गुण इतरांपेक्षा बरे निघणारच, कारण कमी गुणांच्या मुलांना आधीच बाहेर काढलेले आहे. तिथे खेळामुळे गुण मिळालेले नसून गुणांमुळे खेळ मिळालेला असतो.

तेव्हा अशा पाहण्यांवरून काही ठरवता येत नाही. ठरवायचे असेल तर प्रयोगच करायला हवा : काही मुलांना खेळाचा वेळ वाढवून द्यायचा, तशाच दुसऱ्या मुलांना द्यायचा नाही आणि दोन्ही गटांच्या प्रगतीची नोंद ठेवायची.

त्र्वा-रिव्हिएरचा प्रयोग

असा एक प्रयोग कॅनडाच्या फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांतात १९७० साली सुरू झाला. त्र्वा-रिव्हिएर या शहरातली एक शाळा आणि पाँ-रूज या ग्रामीण भागातली एक, अशा दोन प्राथमिक शाळांमधली ५४६ मुले त्यात होती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉय शेफर्ड आणि त्यांचे क्वेबेकमधील सहकारी यांनी तो चालवला. प्रयोगातल्या मुलांना पहिलीपासून सहावीपर्यंत आठवड्याला पाच तास, म्हणजे शाळेच्या प्रत्येक दिवशी एक तास, शारीरिक शिक्षण मिळे आणि तेही त्या विषयाच्या प्रशिक्षित शिक्षकाकडून. तुलनेसाठी त्याच शाळांमधल्या एक वर्ष पुढच्या आणि एक वर्ष मागच्या तुकड्या घेतल्या होत्या. त्यांना नेहमीप्रमाणे आठवड्याला जेमतेम चाळीस मिनिटे शारीरिक शिक्षण होते आणि ते वर्गशिक्षकच घेत. प्रयोगातल्या मुलांना द्यायचा जास्तीचा वेळ कुठून आणला? तो इतर विषयांच्या अध्यापनातून कापला. ही कपात १३ ते १४ टक्के होती.

पहिल्या वर्षी तुलनेच्या गटाचे गुण थोडे जास्त आले. कोणत्याही शाळेने प्रयोग तिथेच थांबवला असता. हा थांबवला नाही. दुसरीपासून पुढे चित्र उलटले आणि प्रयोगातल्या मुलांचे गुण तुलनेच्या मुलांपेक्षा सरस ठरू लागले. शिकवण्याचा वेळ सातव्या हिश्श्याच्या आसपास कमी होऊनही गुण घटले नाहीत, उलट थोडे वाढले.

या प्रयोगाचे गुण आधी सांगायला हवेत. तो काही आठवड्यांचा नव्हता, अख्ख्या प्राथमिक शिक्षणाएवढा लांब होता. दोन्ही गट त्याच शाळेतले, त्याच वस्तीतले असल्यामुळे घरच्या परिस्थितीचा फरक फारसा उरला नाही. शिवाय संघात निवडलेल्या मुलांपुरता तो मर्यादित नव्हता. तुकडीतले प्रत्येक मूल मैदानावर जात होते.

आता दोष. मुले चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली नव्हती. जन्मवर्षाप्रमाणे जी तुकडी पडली ती पडली. शाळा दोनच होत्या. गुण मुख्यतः वर्गशिक्षकांनी दिलेले होते आणि आपली तुकडी प्रयोगातली आहे हे त्यांना ठाऊक होते. आपल्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षा वाढल्या की लेखणी थोडी सैल होते, हे आपण सर्वच जाणतो. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. वर्गशिक्षकाऐवजी दुसरा शिक्षक मुलांना मैदानावर नेत असेल, तर वर्गशिक्षकाला रोज तासभर उसंत मिळते. तो ताजातवाना होऊन वर्गात परतला, त्याने वह्या तपासल्या, उद्याच्या पाठाची तयारी केली, तर मुलांच्या गुणांतली काही वाढ मैदानावर झालेली नसून शिक्षकांच्या खोलीत झालेली असू शकते.

बाहेरच्या परीक्षेचा निकालही संमिश्र होता. प्रांताच्या समान परीक्षेत प्रयोगातली मुले गणितात पुढे राहिली, पण इंग्रजीत, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या भाषेत, पुढे गेली नाहीत. भाषणांतून हा प्रयोग सांगताना बहुधा पहिला अर्धा भागच सांगितला जातो.

म्हणजे 'गुण वाढले' हे वाक्य या दोषांमुळे सैल पडते. पण 'गुण घटले नाहीत' हे वाक्य टिकून राहते. शिक्षकांच्या सैल लेखणीने किंवा एका तासाच्या उसंतीने सहा वर्षांचे खरेखुरे नुकसान पूर्ण झाकले गेले असेल, असे मानणे कठीण आहे.

एकाच संशोधकाचे दोन निकाल

नंतरच्या प्रयोगांनीही साधारण हेच दाखवले. १९७८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सात शाळांमधल्या दहा वर्षांच्या सुमारे पाचशे मुलांवर चौदा आठवड्यांचा प्रयोग झाला. रोज सव्वा तास व्यायाम किंवा खेळाची कौशल्ये शिकणाऱ्या मुलांची नेहमीच्याच वेळापत्रकातल्या मुलांशी तुलना केली गेली. व्यायामाच्या गटातल्या मुलांचा दमसास वाढला आणि अंगावरची चरबी कमी झाली. अंकगणितात आणि वाचनात मात्र गटागटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, ना वर ना खाली.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली गोष्ट अधिक बोधप्रद आहे. जोसेफ डोनेली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या चोवीस प्राथमिक शाळांमध्ये तीन वर्षे प्रयोग केला. वर्गशिक्षकांनी पाठच हालचाल करवीत शिकवायचे, उदाहरणार्थ उड्या मारत गणिते किंवा धावत जाऊन शब्दांची अक्षरे जुळवणे, अशी ही पद्धत होती. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : या मुलांची शैक्षणिक प्रगती जास्त झाली. मात्र ही तपासणी मुलांच्या एका छोट्या नमुन्यावर केलेली होती. म्हणून याच गटाने पुन्हा प्रयोग आखला. या वेळी सतरा शाळा घेतल्या आणि शैक्षणिक प्रगती हाच मुख्य प्रश्न ठेवून तीन वर्षे मोजमाप केले. २०१७ मध्ये निकाल आला : प्रगतीत फरक नाही. मुले हलली, खेळली, अभ्यासात मागे पडली नाहीत, पण पुढेही गेली नाहीत.

स्वतःचाच आनंददायक निष्कर्ष पुन्हा तपासून तो टिकला नाही असे जाहीर करणे, हे विज्ञानाच्या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ते जरूर सांगावे. खेदाची बाब एवढीच की भाषणांतून आणि पुस्तिकांतून २००९ चा निकाल जास्त फिरतो.

मेंदूचे रंगीत चित्र

असेच आणखी एक लोकप्रिय चित्र आहे. शेजारी शेजारी काढलेली डोक्याची दोन वर्तुळे. एक शांत बसल्यानंतरचे, बहुतांशी निळे; दुसरे वीस मिनिटे चालल्यानंतरचे, लाल-पिवळे. पाहणाऱ्याला वाटते की बसल्याने मेंदू झोपतो आणि चालल्याने पेटतो.

हे चित्र इलिनॉय विद्यापीठातल्या चार्ल्स हिलमन यांच्या २००९ च्या प्रयोगातले आहे. त्यात नऊ-दहा वर्षांची वीस मुले होती. प्रत्येक मूल एक दिवस शांत बसले आणि एक दिवस वीस मिनिटे यंत्राच्या पट्ट्यावर चालले. मग हृदयाचे ठोके पूर्ववत झाल्यावर त्याला लक्ष एकाग्र करण्याचे एक काम दिले आणि त्या वेळी डोक्यावर लावलेल्या विद्युत्‌-अग्रांनी मेंदूतले संकेत टिपले. चालण्यानंतर मुलांची उत्तरे अधिक अचूक आली आणि वाचनाच्या चाचणीतले गुणही वाढले. शब्दलेखनात आणि अंकगणितात फरक पडला नाही.

प्रयोग नेटका आहे, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. मुले फक्त वीस होती. चित्रातले रंग म्हणजे एका क्षणीच्या विद्युत्‌-संकेताची उंची. बुद्धीचे ते माप नव्हे. परिणाम पाहिला तो चालून झाल्यानंतरच्या थोड्या वेळाचा. वर्षाअखेरच्या निकालाचा नव्हे. यातून एवढे म्हणता येईल की थोड्या हालचालीनंतर मूल काही काळ अधिक लक्ष देऊ शकते. मधली सुट्टी झाल्यावर किंवा दोन तासांच्या मध्ये पाच-दहा मिनिटे हालचाल करून घेतल्यावर वर्ग सावरतो, हा अनुभव अनेक शिक्षकांना आहेच. त्यासाठी मेंदूच्या चित्राची गरज नाही.

पन्नास अभ्यासांची बेरीज

सुट्या सुट्या अभ्यासांऐवजी सगळ्यांची बेरीज केली तर? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० मध्ये तसे केले. शाळेतली शारीरिक हालचाल आणि शैक्षणिक कामगिरी यांवरचे पन्नास अभ्यास त्यांनी गोळा केले. त्यांत या दोहोंमधले २५१ संबंध तपासलेले होते. त्यांपैकी ५०.५ टक्के संबंध अनुकूल निघाले, ४८ टक्क्यांत काही संबंध दिसला नाही आणि १.५ टक्के प्रतिकूल निघाले.

खेळाचे समर्थक यातला पहिला आकडा वाचतात. आम्ही तिसरा वाचावा असे सुचवतो. अशा बेरजेत चांगला आणि कच्चा अभ्यास एकाच मापाने मोजला जातो. शिवाय 'काही सापडले नाही' असे सांगणारे अभ्यास पुष्कळदा छापलेच जात नाहीत, त्यामुळे अनुकूल आकडा फुगलेला असू शकतो. पण मुलांचे नुकसान होते असे सांगणारा निष्कर्ष कोणी मुद्दाम लपवून ठेवील असे फारसे कारण नाही. तसे निष्कर्ष शंभरांत दोनसुद्धा भरत नाहीत.

२०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने आणखी कडक चाळणी लावली. त्यांनी तपासलेल्या ५८ प्रयोगांपैकी फक्त अकरा उत्तम दर्जाचे ठरले. आकलनशक्तीबद्दल निश्चित काही सांगता येत नाही. गणिताच्या बाबतीत मात्र फायद्याचा पुरावा चांगला आहे, असे त्यांचे मत पडले. क्वेबेकच्या मुलांचेही गणितच पुढे गेले होते हे आठवावे. इथे काही तथ्य असू शकेल. तूर्त एवढेच म्हणावे.

आपल्या वेळापत्रकात

आता आपल्या शाळेकडे येऊ. परदेशातले निष्कर्ष जसेच्या तसे इथे लागू करता येणार नाहीत. तिथल्या मुलांचा आहार, वर्गातली संख्या, मैदाने, सगळेच वेगळे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य हवे असे म्हटले आहे. पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन शिक्षक त्या कायद्याने दिला तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तोही शंभरापेक्षा जास्त पट असेल तर. पहिली ते पाचवीला खेळ घेणार तो वर्गशिक्षकच. क्वेबेकच्या वर्गशिक्षकाला मिळाली असेल ती उसंत त्याच्या वाट्याला नाही.

तरीही एक साधा हिशेब करता येतो. समजा, आठवड्याला ४५ तासिका आहेत आणि त्यांतली खेळाची एक तासिका गणिताला दिली. अभ्यासाच्या वेळेत भर पडली सुमारे २ टक्के. तिकडे सहा वर्षे १३-१४ टक्के वेळ काढून घेऊनही गुण पडले नाहीत. मग दोन टक्के वेळ वाढवून ते चढतील अशी आशा कशाच्या आधारावर करायची? गणित कच्चे राहण्याची कारणे तासांच्या संख्येपेक्षा शिकवण्याच्या रीतीत शोधावी लागतील.

अर्थात, मुलांना मैदानावर नेले म्हणजे खेळ झाला असे नव्हे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सहावीच्या २१४ मुलांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की शारीरिक शिक्षणाच्या ५५ मिनिटांच्या तासात मुले खऱ्या अर्थाने हालचाल करीत होती ती सरासरी १९ मिनिटेच. बाकी वेळ रांगा, सूचना आणि पाळी येण्याची वाट पाहणे यांत गेला. आपल्याकडे काय होते ते घड्याळ लावून पाहता येईल. खेळाच्या तासाला तीन मुले मनाशी निवडावीत : एक संघातले, एक मधले आणि एक नेहमी कडेला उभे राहणारे. प्रत्येक जण किती मिनिटे प्रत्यक्ष हलतो ते वरच्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला नोंदवायला सांगावे. तीन मुलांचे तीन आकडे शेजारी मांडले की आपला खेळाचा तास कोणासाठी चालतो ते कळेल. खो-खोत नऊ जण पळणार आणि तीस जण पाहणार, असे होत असेल तर चार अंगणे आखावीत. लंगडी, पकडापकडी, साखळी हे बिनखर्चाचे खेळ सगळ्या वर्गाला एकदम खेळता येतात. मुलींचे आकडे वेगळे काढून पाहावेत हे सांगायलाच हवे.

शेवटी मूळ मुद्दा. खेळाचे समर्थन गुणांवर उभे करण्यात एक धोका आहे. गुण वाढतात म्हणून खेळ ठेवायचा, असे एकदा मान्य केले की कॅन्ससच्या दुसऱ्या निकालासारखा निकाल आल्यावर खेळ काढून टाकायला कोणाची हरकत उरणार नाही. आणि ज्याचे गुण कमी आहेत त्याचाच खेळ आधी बंद होतो. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानावर जायचे नाही, ही शिक्षा आपल्या शाळांत सर्रास दिली जाते. वर पाहिलेल्या पुराव्यात या शिक्षेला कसलाच आधार नाही.

त्र्वा-रिव्हिएरच्या मुलांना संशोधकांनी सुमारे वीस वर्षांनी पुन्हा गाठले, तेव्हा त्यांना असे आढळले की प्रयोगात असलेल्या मुली मोठेपणीही त्यांच्या तुलनेतल्या स्त्रियांपेक्षा अधिक नियमित व्यायाम करीत होत्या. पुरुषांमध्ये असा फरक नव्हता. सहावीच्या गुणपत्रिकेत हा निकाल कुठेच लिहिलेला नव्हता. दमसास, मजबूत हाडे, हरणे-जिंकणे पचवण्याची सवय आणि निखळ आनंद, हे खेळाचे स्वतःचे फायदे आहेत आणि ते पुरेसे आहेत. मुख्याध्यापकांनी किंवा पालकांनी विचारले, तर शिक्षकाने एवढेच सांगावे : खेळाने गुण वाढतील असे वचन मी देत नाही; पण खेळाने गुण घटतात असे मात्र पन्नास वर्षांच्या प्रयोगांत दिसलेले नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात गणिताचे पुस्तक गणिताच्याच तासाला उघडू.